आपल्या आयुष्यातलं वाक्य

आमचे बाबा, मार्तंड मास्तर, इंग्रजी शिकवायचे. नवा शब्द आला की आधी अर्थ, मग मूळ, मग आपल्या आयुष्यातलं एक वाक्य. अडलं की न सांगता हात पुढे करायचा, पट्टी बसायचीच. हिंदी मुलखातल्या आमच्या सिव्हिल लाइन्स वस्तीतले लोक त्यांना देवमाणूस म्हणत. म्हणोत बापडे! माझ्या लेकीवर मी कधी हात उचलणार नाही, अशी शपथच घेतली होती मी. आणि नाही उचलला.

बाबांचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी आठवीतली माझी देविका त्यांच्याच टेबलाशी अभ्यासाला बसली. पुस्तकात ‘फॉर्मेटिव्ह’ शब्द आला. मी सवयीने विचारलं, “अर्थ?”

“घडवणारा. जैसे बचपन के साल.”

“मूळ?”

“लॅटिन. आकार देणं.”

“शाब्बास. आता वाक्य.”

ती अडली. “पापा, नहीं बन रहा,” असं पुटपुटली, आणि डोळे घट्ट मिटून तिने हात पुढे केला.

मी ऑफिसात असताना रोज दुपारी आजोबाच तिला शिकवायचे. तिला त्यांच्यापाशी मीच सोडून जायचो.