आमटीवरच्या तेलासारखं

घोडनदीकाठच्या त्या शाळेत पारस सरांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर आज पहिल्यांदाच ते वर्गात आले होते, तेही विद्यार्थ्यांच्या बाकावर बसायला. खडूचा वास आला आणि सरांना भरून आलं. काय दिवस होते! बिटाच्या फोडी गरम पाण्यात टाकल्या, पाणी लाल झालं, की पोरं टाळ्या पिटायची आणि सरांना आपण कुणी मोठे शास्त्रज्ञच असल्यासारखं वाटायचं.

समोर बोलत होती ज्योत्स्ना, त्यांचीच विद्यार्थिनी, आता संशोधक. पहिल्या बाकावर तिची आई बनाबाई कौतुकानं ऐकत होत्या. पडद्यावर पेशीपटल होतं आणि त्यात चमकणारे ठिपके सैरावैरा फिरत होते.

"हे रेणू एका जागी बसत नाहीत," ज्योत्स्ना सांगत होती. "तेलकट थरात सरकत राहतात. नेमक्या दोघांची गाठ पडली, जोडी जमली, की पेशीच्या आत निरोप जातो."

सरांना मात्र तिचा नववीचा एक पेपर दिसत होता. पेशीपटल कसं असतं? वाचनालयातल्या पुस्तकात वाचून पोरीनं लिहिलं होतं, 'आमटीवरच्या तेलासारखं, हलतं.' सरांनी शिकवलं होतं, 'भिंतीसारखं, घट्ट.' त्यांनी फुली मारली. ती वाद घालू लागली, तर तिला वर्गाबाहेर काढलं. संध्याकाळी तेच पुस्तक उघडून बघतात तर काय, पोरीचंच खरं! दुसऱ्या दिवशी बनाबाई तिला माफी मागायला घेऊन आल्या, आणि सरांनी ती माफी चक्क ऐकून घेतली. वर सुनावलं, "पुन्हा उलट बोलू नकोस." सत्तावीस वर्षं हे त्यांच्या मनाला खात होतं. आज बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"कुणाला काही विचारायचंय?" ज्योत्स्ना म्हणाली. सरांनी हात वर केला.

"विचारायचं नाही, सांगायचंय. तुझं उत्तर बरोबर होतं, पोरी. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तरी मी तुझी माफी ऐकून घेतली."

"मला माहीत होतं, सर. दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलावर ते पुस्तक त्याच पानावर उघडं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आई हात जोडून उभी होती."

बाक धरत धरत सर पुढे गेले आणि बनाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले.

"आवो सर, ह्ये काय? हात खाली घ्या आदी!" म्हातारी गडबडली.

"'हात खाली घ्या' असं त्या दिवशी मी तुम्हाला म्हणालो नाही, बनाबाई," सर म्हणाले, आणि हात तसेच ठेवले.