लाल पोथीची नक्कल

टेंभुर्णीत वसंताच्या झेरॉक्सच्या दुकानापुढं सकाळपासून रस्ता अडला होता. देवीच्या व्रतकथेच्या पोथ्या विकणाऱ्या राजानंद महाराजांनी गर्द लाल कागदावर छापलेली आपली पोथी स्वतः मशीनवर ठेवली. कागद बाहेर आला तो कोळशासारखा काळा, एकही अक्षर नाही. बायांनी पदर पसरले, पुरुषांनी टोप्या काढल्या.

"बघा मायांनो," महाराज समोर शूटिंग करणाऱ्या मोबाइलकडं तोंड करून म्हणाले, "देवीनं अक्षरं वापस घेतली. माझ्याकडून न घेता ज्यानं कथा उतरवली, त्याच्या घरी चाळीस दिवसांत ताप. दवा लागू व्हायची न्हाई. नकला इथं आणून जाळा, मंग उतरंल."

हा धाक महाराज दोन महिन्यांपासून घालत होते; आज मी तो डोळ्यांनी खरा होताना बघितला. उद्यापनाला पाच सवाष्णींना पोथी द्यायची आमच्यात रीत. मी पाचही पोथ्या हातानं उतरवल्या होत्या, रोज पूजेनंतर दोन पानं. आणि घरी माझा नातू अक्षत चार दिवस तापानं फणफणत होता. त्याला अंगारा लावून आले होते. दवाखान्यात नेलं आणि देवी आणखी कोपली तर?

पुतणी आयुषी सोबत होती. ती कायदा शिकते. पुस्तकाच्या नकलेला बंदी किंवा असा धाक घातला की लोक खरंच काय करतात, हे घरोघर विचारून मोजायला ती आठ दिवसांपासून माझ्याकडं राहत होती. अक्षतला साधी सर्दी आहे, असं मी तिला सांगितलं होतं.

"काकी, काय झालं?"

मी हळूच सगळं सांगितलं. काउंटरवरची गर्द लाल लग्नपत्रिका तिनं उचलली. "वसंतादादा, हिची काढा."

तीही काळी निघाली.

"ह्या नवरा-नवरीवर पण देवी कोपली का?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. वसंता खाली बघत म्हणाला, "गर्द लाल कागद ह्या मशीनला काळाच दिसतो, ताई. ठाऊक व्हतं. महाराजांपुढं बोलायचं भ्या वाटलं."

"मशीनचं सोड," महाराज म्हणाले. "गावात ताप हाय का न्हाई?"

आयुषीनं वही उघडली. "नक्कल केलेली तीस घरं, ताप नऊ घरांत. तुमची पोथी विकत घेतलेली तीस घरं, ताप दहा घरांत. त्या दहांवर कोण कोपलं?"

"कथा माझी हाय, पोरी. कायदा हाय."

"लिहिणारा जाऊन ऐंशी वर्षं झाली. त्याच्यामागं साठ वर्षं हक्क राहतो, मंग कथा सगळ्यांची. आणि तुमची असती तरी कोर्टात जायचं. लेकराच्या अंगात न्हाई."

महाराज चपला शोधू लागले.

"तुमच्या धाकाचे दोन परिणाम मला सापडले," ती त्यांच्या पाठीला म्हणाली. "बायांनी पोथ्या वाटणं सोडलं, आणि तापाची लेकरं दवाखान्यात उशिरा गेली."

मी तशीच घरी पळाले. जीपमध्ये अक्षत मांडीवर निखाऱ्यासारखा होता. डॉक्टरांनी टायफॉइड सांगितला. "अजून दोन दिवस थांबला असतात, तर..." म्हणाले आणि सलाईनची तयारी करू लागले. सलाईन लागली तरी माझी भीती जाईना. मी जप करत थेंब मोजत बसले.

अक्षत बरा झाल्यावर उद्यापन केलं. पाचही पोथ्या वाटल्या. देण्याआधी प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर माझ्या हातानं लिहिलं: 'ही कथा हवी तितक्यांदा उतरवा. घरात ताप आला, तर आधी दवाखाना गाठा. देवी थांबते, ताप थांबत नाही.'