सोमवारची पेशी

आमच्या महागाव तालुक्यात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, पण तो विज्ञानाच्या पुस्तकात असतो आणि फुलसावंगीच्या बबनरावांचा त्या पुस्तकाशी कधी संबंध आला नव्हता. त्यांचा संबंध धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी होता. शेजाऱ्याने शेताचा धुरा दीड हात सरकवला, असा दिवाणी दावा नऊ वर्षं चालू होता, आणि सोमवारी त्याची पेशी होती.

शनिवारी दुपारी त्यांची नात सुरभी आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. बबनराव दाराबाहेर तूर निवडत होते. म्हणजे हात तुरीत होते, कान खोलीत.

"पेशीत कोणाले घ्यायचं, कोणाले बाहेर ठेवायचं, हे सारं पटलावर ठरते केतकी. पाणी गुपचूप आत शिरते. साखरेले दारावरचं प्रथिन आत नेते. अन् पाणी जास्तच घुसलं तं पेशी फुटते!"

केतकी म्हणजे शेजाऱ्याच्या वकिलाची, अनंतरावांची मुलगी. बारावीत सुरभीच्याच बाकावर बसणारी.

साक्षीदार फुटतो हे बबनरावांना ठाऊक होतं. अख्खी पेशी फुटते हे नवीन होतं. पाणी आणि साखर ही उघडच सांकेतिक नावं होती. साखर कोण, हेही त्यांनी ताडलं. शेजाऱ्याला दोन वर्षांपासून मधुमेह होता.

"सोमवारी तू घरीच राह्यजो," ते खोलीत जाऊन म्हणाले.

"आबा! सोमवारी माहं प्रॅक्टिकल हाये!"

"त्याच दिवशी काहून?"

"कॉलेजनं ठेवलं."

"कॉलेजले कोनं सांगतलं?"

स्वयंपाकघरातून इंदूबाई ओरडल्या, "पोरीचं साल वाया जाईन ना! तुमची पेशी नऊ वर्षं झाले, कुठंच नाई चालली."

"तुले काय मालूम? थे फुटून राह्यली!"

सुरभीला उलगडा झाला तशी ती हसत सुटली, आणि तिथेच चुकली. हसणाऱ्या माणसावर बबनरावांचा आधीपासूनच विश्वास नव्हता.

"आबा, थे पेशी निराळी. जिवाच्या शरीरातली. वनस्पतीची असते, प्राण्याची असते."

"आपली दिवाणी हाये," बबनराव म्हणाले. "दाखव कुठं असते थे. नाई दाखवली, तं जाऊ देत नाई."

तिने बटाट्याच्या दोन लांब फोडी कापल्या. एक साध्या पाण्याच्या वाटीत टाकली, दुसरी खारट पाण्याच्या.

"बटाट्यात लाखो पेशी हायेत. हरेकीले पटल असते, पातळ पापुद्र्यासारखं. थे पाण्याले जाऊ देते, मिठाले सहजी सोडत नाई. आता बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून आतलं पाणी बाहेर निघते अन् फोड नरम पडते. पाहाजा तुम्ही."

बबनरावांनी वाट्यांसमोर बाज ओढली आणि पहारा बसवला. दोन तास ते हलले नाहीत. चहा तिथेच मागवला, पण कप वाट्यांपासून लांब ठेवायला लावला. इंदूबाई मिठाचा डबा न्यायला आल्या, तेव्हा त्यांना हात दाखवायला सांगितलं.

मग त्यांनी फोडी उचलल्या. साध्या पाण्यातली काडीसारखी ताठ. खारट पाण्यातली बोटावर दोन्हीकडून लोंबली.

"पाणी गेलं?"

"गेलं."

"दार तं कुठं दिसत नाई."

"डोयाले दिसत नाई आबा. लय बारीक असते."

"अन् मीठ आत काहून नाई गेलं? जोर कमी पडला?"

"पटल जित्तं हाये ना. जित्तं हाये तोवर निवडून घेते."

बबनरावांनी लोंबती फोड उलटसुलट करून पाहिली. तिच्यात काही खोट सापडेना, याचा त्यांना त्रास होत असावा.

"प्रॅक्टिकलले बटाटा कोन देते?"

"कॉलेजच देते."

"म्हणजे कोनाच्या बी हातचा." ते उठले, टोपलीतले सगळे बटाटे बाहेर काढले, एकेक नखाने टोचून पाहिला आणि एक निवडला. "हा घेऊन जा. मंग जाय."

सोमवारी सुरभीने स्वतःचा बटाटा टेबलावर ठेवला, तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांची भुवई वर गेली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत विद्यार्थ्याने घरून बटाटा आणल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"हा काहून आणला?"

"आबानं तपासून देला, सर."

"काय तपासलं?"

"आत कोन शिरलं काय, थे."

परीक्षकांनी खोलीचं दार लावून घेतलं. बटाटा खिडकीच्या उजेडात धरून दोनदा फिरवला, हुंगला, कानाशी हलवला. मग सुरी मागवून, दोन प्राध्यापकांच्या समक्ष, तो मधोमध कापला.

आत बटाटाच होता.