अंगठ्याखालचा चिखल

चिखलात रोप रोवून अंगठा वर उचलला की एक बारीकसा, ओला आवाज होतो. आषाढातल्या करड्या उजेडात सगळ्याजणी ओणव्या होऊन आवणी करत असल्या, तरी हेमाच्या अंगठ्याचा आवाज मला वेगळा ओळखू यायचा. तो इतरांपेक्षा किंचित ठाम, किंचित घाईचा होता. प्रत्येक रोपाला ती बजावत असावी की बाई, आता इथून हलायचं नाही. हेमा माझी धाकटी नणंद. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मेंदूच्या पेशींवर संशोधन करायची, आणि भातलावणीच्या दिवसांत मात्र रजा टाकून, कल्याणहून मुरबाडची एसटी धरून किन्हवलीच्या आमच्या खाचरात उतरायची. मी मुरबाडच्या शाळेत मराठी शिकवते. इतकी वर्षं या घरात काढूनही माझी आवणीची ओळ वाकडीच जाते, आणि ती पाहून शास्त्रज्ञ बाईंनी दर वर्षी मनमुराद हसून घ्यायचं, हा आमच्या घरचा रिवाजच होऊन बसला होता.

तिच्या संशोधनाचा विषय होता ॲस्ट्रोसाइट. त्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चांदणीसारख्या दिसतात म्हणून मी त्यांचं 'तारकापेशी' असं बारसं करून टाकलं होतं. संध्याकाळी मी भाकऱ्या थापायला बसले की ती परातीतल्या तांदळाच्या पिठात बोटाने चांदणी काढायची, तिचे लांबलांब फाटे शेजारच्या पेशींपर्यंत नेऊन भिडवायची, आणि माझी पुढची भाकरी त्या आकाशावरच थापली जायची. विचार, स्मरण, हालचाल यांचं सारं श्रेय चेतापेशींना मिळतं, पण त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा केरकचरा काढणाऱ्या या तारकापेशींकडे फार काळ कुणाचं लक्षच नव्हतं, हे सांगताना तिचा स्वर एखाद्या गरीब मावशीची बाजू मांडावी तसा कळवळायचा. मग वहिनीची बाजू घेतेस का कधी अशी, म्हणून मी तिला चिडवायची. माझी भाकरी तोवर तव्यावर करपायची.

एकदा बांधावर बसून चहा पिताना तिने मला तिच्या कामाचा गाभा सांगितला. खाचरात भात पिकतं, बांधावर काही पिकत नाही; पण पाणी धरतो तो बांध, म्हणून भात जगतं. मेंदूतले हे बांध म्हणजे तारकापेशी. काही आजारांत मात्र त्याच बिघडतात. धडधाकट चेतापेशी बिघडलेल्या तारकापेशींच्या शेजारी नेऊन ठेवल्या तर त्या हळूहळू मरतात, हे तिने काचेच्या थाळीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे बांधच पाणी नासवतो का, असं मी विचारलं. तिने मान हलवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आणि पीक जळायला लागलं की सगळी पिकाकडंच बघतात वहिनी, बांधाकडं कुणी बघत नाय." जे जपतं तेच मारतं, ही कल्पना मला भयंकर वाटली होती. ती मात्र चहाचा शेवटचा घोट घेऊन पुन्हा चिखलात उतरली.

त्या वर्षीच्या आवणीत हेमाच्या ओळीतली रोपं तरंगायला लागली. सकाळी रोवलेली दुपारपर्यंत मुळांसकट वर येऊन पाण्यावर आडवी व्हायची. तिचा दादा, म्हणजे माझे यजमान, यांनी एकवार पाहिलं आणि निकाल दिला की पानी लय झालंय. पाणी जास्त असलं की रोप उचललं जातं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. यांनी फावड्याने बांध फोडून पाणी उतरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तेव्हा पुन्हा फोडला. पुण्याच्या गार खोलीत राहून हात मऊ झाले म्हणून सगळ्यांनी तिची थट्टा केली. माझी वाकडी ओळ तिच्या शेजारीच होती, आणि माझी रोपं मात्र उभी होती. तेवढी एकच गोष्ट आमच्या ध्यानात यायला हवी होती; पण घरातली सगळी शहाणी माणसं त्या दिवशी बांधाकडे बघत बसली.

हेमा खाली वाकलेली होती. तिने एक रोप घेतलं, रोवलं, अंगठा दाबला, आणि मला जाणवलं की आवाज आला नाही. तिने पुन्हा दाबलं. मग हात चिखलातून वर काढून, पाण्यात खळबळून, तिने तो डोळ्यांसमोर धरला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो तिच्या उजव्या हातावर सपाट झाला होता. परक्याच्या हाताकडे पाहावं तशी ती त्याकडे पाहत राहिली. हे तिसऱ्यांदा फावडं उचलायला निघाले, तेव्हा ती अगदी सावकाश म्हणाली, "दादा, बांध नको फोडूस. पाण्याचा दोष नाय. माझा अंगठाच दाबत नाय."

आम्हाला काही उमगलं नाही; तिला सगळं उमगलं होतं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात, आधी हात जातात, मग वाचा, मग श्वास, असा तो आजार. आणि त्याच आजारातल्या तारकापेशी ती इतकी वर्षं थाळीत पाहत आली होती. पुढे तपासण्यांनी तेच सांगितलं. हे कसं शक्य आहे, एवढंच मला म्हणता येत होतं, आणि खरं सांगायचं तर आजही त्यापुढे माझी मजल गेलेली नाही. यांनी तिला एकदाच विचारलं, की तुझ्या त्या शोधात यावर काय औषध नाय का गो. ती म्हणाली, "कसं होतं ते कळाय लागलंय दादा. थांबवता अजून येत नाय."

हात चालेनासे झाले तरी ती प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांना बोलून काम सांगत राहिली. बोलणंही जड होऊ लागलं, तेव्हा ती आमच्याकडे किन्हवलीला आली. मी परात पुढ्यात घेऊन बसले की ती पिठाकडे टक लावून बघायची. मग मीच बोटाने चांदणी काढायची, वेडीवाकडी, आणि तिच्या डोळ्यांत माझ्या ओळीला हसणारी जुनी हेमा क्षणभर येऊन जायची. तिसऱ्या वर्षी, भाताची झोडणी चालू असताना ती गेली.

बांध जिथे फोडला होता, तिथे हे दर वर्षी चिखल लिंपतात, दगड बसवतात, आणि तरी तिथूनच पाणी पाझरतं. यांना ती जागा बघवत नाही. आवणीच्या दिवसांत शाळा सुटली की मी तिथे जाऊन त्या पाझरावर पाऊल रोवून उभी राहते. खाचरातून साऱ्या अंगठ्यांचे ओले आवाज येत असतात, आणि त्यांतला एक नसतो. पाऊल दाबलं की पाणी थांबतं, उचललं की पुन्हा वाहू लागतं. ती गेल्यापासून पुढे वाहत चाललेला काळ मी असाच पायाखाली अडवून उभी असते, आणि दिवस मावळला की पाऊल उचलून घरी तर जावंच लागतं.