बुडाची पाच भोकं

मी एक जुनी बादली आहे, मित्रांनो. वीस लिटरची, रंगाची. मला फारसं काही वाटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. प्लास्टिकची जात, वाटणार तरी काय!

कारखान्यात साच्यातून निघाले, पोटात पिवळा रंग भरला गेला आणि सौंदडजवळच्या एका घराच्या भिंतींवर तो रंग संपला. त्या घराचे मालक केवळरामजी. त्यांनी मला घासूनपुसून कामाला लावलं. पेरणीआधी धानाचं बियाणं माझ्यात भिजत पडायचं. "एक थेंब गळत नाही," असं ते आल्यागेल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत. माणसाची स्तुती त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही, पण माझी ऐकली.

मग त्यांचे गुडघे गेले. शेती भाच्याकडे सोपवून ते आणि त्यांची बायको सुमनबाई गोंदियात लहानशा घरात राहायला आले. सामानासोबत मीही आले, पण माझी कडी तुटली होती. मी वर स्लॅबवर पालथी पडून राहिले, चार उन्हाळे. कोणी विचारलं नाही. मलाही त्याचं विशेष काही वाटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्यांची मुलगी खुशबू नागपूरहून स्ट्रॉबेरीची पाच रोपं घेऊन आली. ती तिथं एका दवाखान्यात नर्स आहे. सुमनबाईंनी गॅसवर सळई लाल केली आणि माझ्या बुडाला पाच भोकं पाडली.

"चांगल्या बादलीले काऊन छेद पाडून राहिली?" केवळरामजी म्हणाले.

"मुळाले हवा लागते, खुशबूनं सांगितलं. तुमाले धानाबिगर काई समजते का?"

माती, शेणखत आणि गिरणीतला थोडा कोंडा कालवून त्यांनी रोपं लावली. रोज सकाळी गुडघ्यावर हात टेकून पानं उलटीपालटी करून पाहायच्या. पहिलं फळ खुशबूला द्यायचं ठरवून बसल्या होत्या. पांढरं फूल आलं आणि त्याच आठवड्यात त्यांना ताप चढला. पाचव्या दिवशी त्या गेल्या.

केवळरामजी रडले नाहीत. लोक आले, बसले, उठून गेले. खुशबूची सुट्टी संपली. निघताना ती बापाला स्लॅबवर घेऊन आली.

"बाबा, आईच्या हातचे रोप हायेत. मराले नाही पाहिजे. पाणी देत जाजा."

"देतो," ते म्हणाले. सुमनबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिलाच शब्द.

त्यांनी पाणी घातलं. ते खालून निघालं, स्लॅबवरून वाहत पन्हाळीला गेलं. ते बघत उभे राहिले. जन्मभर त्यांनी धानाच्या बांधीत पाणी उभं ठेवलं होतं. बांधीच्या कडेच्या धुऱ्याला बोटभर भगदाड दिसलं तरी हातातली भाकर टाकून चिखल थापायला धावणारा माणूस तो. ते खाली गेले, सुमनबाईंचं जुनं निळं लुगडं फाडून पाच चिंध्या घेऊन आले आणि माझी पाचही भोकं गच्च बुजवली. मग मला काठोकाठ भरलं.

मला कळत होतं, मित्रांनो. पण बादलीला तोंड असतं, बोलणं नसतं.

रोज संध्याकाळी ते माझ्याजवळ असताना खुशबूचा फोन यायचा. "पाणी हाये ना, बाबा?" "भरून हाये." पानं पिवळी पडली तेव्हा त्यांना वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी आणखी ओतलं. मुळं माझ्या पोटात सडत होती आणि वर एक म्हातारा माणूस तांब्या घेऊन उभा होता.

जानेवारीअखेर खुशबू आली. मातीत बोट घातलं, वास घेतला. मला कलतं करून खाली पाहिलं.

"भोकं कोनं बुजवले?"

"मीच."

तिने एक चिंधी ओढून काढली. काळं पाणी आलं. तिने चिंधी पिळून उलगडली. "हे तं आईचं लुगडं हाये."

केवळरामजी खाली बसले. "सारं निंगून जाऊन राहिलं, बाई," ते म्हणाले. "म्हटलं, एवढं तरी थांबो."

खुशबूने उरलेल्या चार चिंध्या काढल्या आणि मला दोन विटांवर ठेवलं. दुपारभर मी गळत होते. केवळरामजींनी एकदा माझ्याखाली हात धरला. मला वाटलं, आता बोट घालून बुजवतील. त्यांनी नाही बुजवलं. पाणी तळव्यावरून जाऊ दिलं. तेव्हा ते रडले. प्लास्टिकला काही वाटत नाही म्हणाले होते ना मी? त्या दुपारी वाटलं.

चार रोपं मेली. काठावरच्या एकाचं मूळ थोडं पांढरं होतं. ते खुशबूने नव्या मातीत परत लावलं. फळ अजून नाही, आणि आपल्याकडचा उन्हाळा ते काढेल की नाही, तेही सांगता येत नाही.

मित्रांनो, कोणी काही सांभाळायला दिलं, तर आपल्याला जे येतं तेच त्याच्यावर ओतत बसू नका. त्याला काय हवं ते आधी विचारा. माझं एवढंच मागणं आहे.

केवळरामजी आता सकाळी अर्धा तांब्या पाणी घालतात. मग दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून माझ्याखाली बघतात. थेंब पडलेला दिसला की उठतात आणि चहा मांडायला खाली जातात.