आतून न उघडणारं दार

स्वप्नाच्या सासूबाई रमाबाई एका सकाळी दूध आणायला म्हणून डोंबिवलीच्या घरातून निघाल्या आणि संध्याकाळी सापडल्या त्या थेट ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोत. तिथवर कशा पोचल्या हे त्यांना सांगता येईना. "यांची ड्यूटी सुटायची वेळ झाली," एवढंच त्या भेटेल त्या कंडक्टरला सांगत होत्या. त्यांचे यजमान भगवानराव त्याच डेपोत नोकरीला होते, पण ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

स्वप्नाच्या नवऱ्याने, महेंद्रने, त्या दिवसाचा धसकाच घेतला. आठवड्याभरात त्याने दाराला बॅटरीवर चालणारं नवीन कुलूप बसवलं. बोट टेकवलं की उघडणारं, आकडे दाबले की उघडणारं, वर तोंडाने बोलणारं. आतून उघडायलाही बोट नाहीतर आकडे लागायचे, म्हणजे आई एकटी बाहेर पडायची भीती नाही. महेंद्र ठाण्याच्या कोर्टात कारकून होता. तिथे बसल्या बसल्या दार कधी उघडलं, कधी लागलं, हे त्याला फोनवर दिसायचं.

स्वप्नाचं आणि यंत्रांचं तसं कधीच जमलं नव्हतं. वॉशिंग मशीन अर्ध्या धुण्यात थांबायचं आणि पडद्यावर कसलीतरी अक्षरं दाखवत गाणं वाजवायचं. इंडक्शनच्या शेगडीला घरातली निम्मी भांडी ओळखूच यायची नाहीत. पण मशीन रुसलं तर बादली होती आणि शेगडी रुसली तर गॅस होता. दार रुसलं तर काय, हे कुणीच कुणाला विचारलं नव्हतं.

आणि दार रुसायचं. स्वप्ना घरीच ब्लाउज शिवायची. सुईने, कात्रीने आणि भांड्यांच्या घासणीने तिची बोटं इतकी झिजली होती की कुलपाला ती दोन-दोनदा दाखवावी लागत. मग आकडे दाबायचे. त्यात गेल्या आठवड्यात कुलपाचं काहीतरी अपडेट झालं आणि जुने आकडे बाद झाले. नवे आकडे ॲपमधूनच करता येत होते, आणि ॲप काही केल्या स्वप्नाच्या फोनवर चढत नव्हतं.

"रविवारी बसून करतो," महेंद्र म्हणाला. "तोवर बोटाने उघडतंय ना?"

उघडत होतं. म्हणून तीही गप्प बसली.

त्या दुपारी स्वप्ना बाहीला अस्तर लावत होती आणि रमाबाई पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. आधी जमीन हलली, मग आवाज आला. आवाज कसला, छातीवर कुणीतरी दोन्ही हातांनी गुद्दा मारावा तसं झालं. खिडकीच्या काचा आत येऊन पडल्या. पंखा थांबला. खाली गाड्यांचे भोंगे एकदम ओरडायला लागले.

स्वप्ना खिडकीशी धावली. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या बाजूला पिवळट धुराचा लोट उठला होता आणि हळूहळू इकडेच कलत होता. रसायनांच्या वासाची डोंबिवलीकरांना सवय असते, पण हा वास वेगळा होता. तो नाकात थांबला नाही, सरळ घशात उतरला.

जिन्यात पावलांची धावपळ सुरू झाली. खालून पोलिसांचा कर्णा ऐकू आला, "घरं रिकामी करा! स्टेशनच्या बाजूला चला! तोंडाला ओला रुमाल बांधा!"

"आई, उठा. चला लवकर."

"लसूण राहिला की गं."

"राहू दे तो लसूण!"

तिने सासूच्या पायांत चपला सरकवल्या, दोघींच्या तोंडावर ओल्या ओढण्या बांधल्या आणि दाराशी येऊन कुलपावर बोट टेकवलं. लाल दिवा. पदराला बोट पुसून पुन्हा टेकवलं. लाल दिवा. तिसऱ्यांदा अंगठा दाबला, तशी कुलपातली बाई बोलली. अगदी मऊ, गोड आवाजात.

"अनधिकृत प्रयास। सुरक्षा के लिए लॉक बंद किया गया है। कृपया कोड दर्ज करें।"

कोड? नवा कोड तर झालाच नव्हता. जुने आकडे तिने तरीही दाबून पाहिले. बाईने तेच वाक्य त्याच गोडव्याने पुन्हा ऐकवलं.

तिने फोन लावला. लागेना. सगळी डोंबिवलीच एकमेकांना फोन करत असणार. लावत राहिली तेव्हा कधीतरी एकदा महेंद्रचा आवाज आला.

"स्वप्ना! कुठे आहात? टीव्हीवर दाखवतायत—"

"घरात आहोत! दार उघडत नाहीये! कोड मागतंय!"

"थांब, मी इथून उघडतो." त्याने ॲप उघडलं असावं. "अगं, ऑफलाइन दाखवतंय. लाइट गेलीय का?"

"गेलीय!"

"मग वायफाय नाही... थांब, नवा कोड मागवतो, तो मेसेज—"

फोन तुटला तो तुटलाच.

कुलपाला एक खरी किल्लीही होती. ती कुठे आहे हे स्वप्नाला पक्कं ठाऊक होतं. महेंद्रच्या बॅगेत, म्हणजे ठाण्यात. घरात ठेवली तर आईच्या हाती लागेल म्हणून.

ती खिडकीकडे गेली. तिसरा मजला, आणि दोन्ही खिडक्यांना भिंतीत चिणलेल्या लोखंडी जाळ्या. जाळीला धरून ती किंचाळली, "आम्ही आत अडकलोय! कुणीतरी वर या!" खाली माणसं तोंडं झाकून, पोरं काखेत मारून पळत होती. एकाने वर पाहिलं. हात हलवला. आणि पळत गेला.

मग तिने ओट्याखालून वरवंटा काढला आणि कुलपावर घातला. काच तडकली आणि कुलूप किंचाळायला लागलं. असा कर्कश आवाज की रमाबाईंनी दोन्ही कान झाकले. स्वप्ना मारत राहिली. दाराला ओरखडे पडले, तिचं मनगट सुजलं, पण आतली लोखंडी जीभ तसूभर हलली नाही. घुबडासारखं ओरडणाऱ्या त्या यंत्रातून मध्येच बाई बोलायची, "कृपया प्रतीक्षा करें।"

जिन्यातली पावलं थांबली होती. हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं. वर, खाली, शेजारी, कुठेच हालचाल नव्हती. एवढ्या मोठ्या इमारतीत आता त्या दोघीच होत्या. ती दाराशी मटकन बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते रडण्याचं की धुराचं, तिला सांगता आलं नसतं.

रमाबाई खोकू लागल्या. तो खोकला ऐकून स्वप्ना उठली. तिने त्यांना न्हाणीघरात नेऊन पाटावर बसवलं. तिथलं झरोक्याचं भोक पिशव्यांनी बुजवलं, दाराच्या फटीसाठी ओल्या चादरी घेतल्या. मग ते दार लावायला घेतलं. आता आपल्याच हाताने आपल्याला आणखी आत कोंडायचं. लावलं, आणि लगेच उघडून पाहिलं. उघडत होतं. मग पुन्हा लावलं आणि चादरी फटीत कोंबल्या.

अंधारात रमाबाईंनी तिचा हात चाचपला. "भ्यालीस काय गं?"

"हो आई."

"दार लागलंय का?"

"लागलंय."

"मग कोण येतंय आत?" रमाबाई समाधानाने म्हणाल्या आणि पुन्हा खोकल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. कुलूप ओरडून ओरडून गप्प झालं होतं. तेवढ्यात बाहेरून धडधड ऐकू आली.

"स्वप्ना! आहेस का गं आत?"

समोरच्या दारातले सुधीर काका होते. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. जिन्यात चपला काढल्या म्हणून महिन्यापूर्वीच तिला चार शब्द ऐकवून गेलेले.

स्वप्ना बाहेर धावली. "काका! दार उघडत नाही! आई आहेत आत!"

"खाली तुझी वासंती काकू म्हणाली, या दोघी दिसत नाहीत. तू बाजूला हो. दारापासून लांब जा."

त्यांनी जिन्यातला आग विझवायचा लाल सिलिंडर उचलून आणला होता. पहिला घाव बसला. दुसरा. मध्ये ते थांबले आणि खोकत राहिले. यांनाच काही झालं तर?

"काका, नका! तुम्ही जा खाली!"

"गप्प बस," ते धापा टाकत म्हणाले आणि पुन्हा सिलिंडर हाणला. कुलूप शेवटपर्यंत तुटलं नाही. चौकटच फाटली, अन् लाकडाची ढलपी घेऊन ती लोखंडी जीभ बाहेर आली.

रमाबाईंना दोघांनी मिळून अर्धवट उचलतच खाली नेलं. जिन्यात स्वप्नाने एकदाही मागे पाहिलं नाही.

ठाण्याच्या हॉस्पिटलात रमाबाई एक रात्र ऑक्सिजनवर होत्या. सुधीर काकांचे डोळे पुढे आठवडाभर लाल होते. महेंद्र हॉस्पिटलच्या बाकावर बायकोशेजारी बसला, पण त्याला तिच्याकडे बघवेना.

"मी आईसाठीच बसवलं होतं गं," शेवटी तो म्हणाला.

"माहितीये मला."

"याच्यापेक्षा चांगलं मॉडेल आहे. त्याला आतून एक बटण असतं, लाइट गेली तरी—"

स्वप्नाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"आणि आई परत बाहेर गेली तर?" त्याने विचारलं. प्रश्न खरा होता.

चौकट दुरुस्त झाली. दाराच्या वरच्या टोकाला, रमाबाईंचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, साधी लोखंडी कडी लागली. सुताराचं काम झाल्यावर स्वप्नाने ती काढली, घातली, काढली, घातली. अजूनही भाजी चिरता चिरता ती उठते आणि एकदा काढून पाहते.

शिलाई मशीन खिडकीजवळून उचलून तिने दाराशी आणलं आहे. तिथे उजेड कमी पडतो, सुईत दोरा ओवायला दोनदा डोळे बारीक करावे लागतात. पाठीमागे रमाबाई मधूनच विचारतात, "यांची ड्यूटी सुटली का गं?" "अजून नाही आई," ती म्हणते, आणि कडीकडे एकदा बघून मशीनचं पायडल मारत राहते.