टकळीचं वाचन

तापानं टकळीचे डोळे नेले, जीभ मात्र जागेवर ठेवली. शिंप्याची ही एकुलती एक पोर दोन वर्षांची असल्यापासून अखंड बोलत आली होती, म्हणून तर सगळे तिला टकळी म्हणायचे. आई ती रांगायला लागायच्या आतच वारली होती. घरात बाप, बापाची थोरली बहीण म्हणजे आत्या, आणि पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान. सातव्या वर्षी ताप आला, सतरा दिवस राहिला, आणि उतरला तेव्हा टकळी विचारत होती, की दिवा का घालवलाय. बाहेर दुपारचे बारा वाजले होते.

शाळेनं दोन महिने वाट पाहिली. मग मोठ्या बाईंनी शिंप्याला बोलावून, चहा पाजून, पोरीचं नाव कमी केलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्यानं कुणाचं शिक्षण होत नाही. परगावी आंधळ्या मुलांची एक शाळा होती. तिथल्या पहिलीत आठ वर्षांपर्यंतचीच मुलं घेत, आणि शिंप्यानं एक अख्खं वर्ष या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरण्यात घालवलं होतं. आता टकळी साडेआठची होती. एवढ्या मोठ्या मुलीला ठिपक्यांची लिपी वाचता येत असेल तरच वरच्या वर्गात जागा मिळणार होती. "घरी शिकवा. आठ महिन्यांनी आमच्या बाई येऊन वाचून घेतील," असं पत्र आलं आणि त्यासोबत एक पुडकं.

पुडक्यात खाचांची एक पाटी होती, टोचणी होती, उठावाच्या अक्षरांचा तक्ता होता आणि एक माहितीपुस्तिका. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, की मुलाला जे पुस्तक तोंडपाठ आहे त्यापासून सुरुवात करा. बोट अडखळलं की आठवण हात देते. शिंप्याला हे एकदम पटलं. टकळीला तोंडपाठ पुस्तकांची काय कमी! डोळे होते तेव्हा ती रोज कापडाच्या ढिगावर बसून, बाप मशीन चालवत असताना त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. 'गळकं जहाज' तर तिनं इतक्यांदा वाचलं होतं, की जहाजावरचा स्वयंपाकी बुडायच्या बेतात आला की शिंपी आपसूक मशीन हळू करायचा. तेच पुस्तक आपण टोचायचं, त्यानं ठरवलं. पुढं चौथ्या पानावर लिहिण्याची रीत दिली होती, पण तोवर पुस्तिका मशीनच्या खणात जाऊन पडली होती. टोचायचं कसं ते मला कोण शिकवणार, असं तीस वर्षं सुई धरलेल्या माणसाच्या मनात येतंच.

रोज पहाटे उठून दुकान उघडायच्या आत तो दोन पानं टोचायचा. तक्त्यात अक्षर जसं दिसे तसं, एकेक ठिपका, डावीकडून उजवीकडे. पान झालं की खिडकीशी नेऊन तक्त्याशी ताडून बघायचा. एक ठिपका इकडचा तिकडे झाला तरी ते पान बाद. उजव्या हाताच्या अंगठ्याला घट्टा पडला, मान आखडली, दोन गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड झाल्या. आत्या म्हणाली, "अरे, जरा झोपत जा. पोरगी आंधळी झाली, आता तू पांगळा होशील."

तक्त्यावरची अक्षरं टकळीनं तीन आठवड्यांत ओळखली. मग तिच्या पुढ्यात 'गळकं जहाज'चं पहिलं पान आलं. तिनं त्यावर बोट ठेवलं. बोट ओळीच्या शेवटापर्यंत गेलं. शिंपी समोर उकिडवा बसला होता, श्वास रोखून. बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं, पुन्हा पुढं सरकलं, आणि मग टकळी वाचू लागली. "बंदरात एक जहाज होतं. ते दिसायला मोठं देखणं, पण तळाला सतरा भोकं."

शिंप्याला आभाळ ठेंगणं झालं. तो मोठ्यानं हसला, उठला, कुणाला सांगावं ते न सुचून पुन्हा खाली बसला. आणि त्या दिवसापासून तो सुटलाच. 'गळकं जहाज' संपलं, 'खोडकर कंदील' झालं, तिसरं पुस्तक निम्म्यावर आलं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं माप घेता घेता तो सांगायचा, "छाती अडतीस. आमची टकळी वाचते बरं का आता. हात वर करा." आणि आतून खरोखरच तिचा आवाज येत असायचा, न अडखळता.

एकदा आत्या म्हणाली, "मला मेलीला त्यातलं काही कळत नाही. पण तिचं बोट ओळीच्या मध्यावर असतं आणि तोंड पुढच्या पानावर. ही नुसती पोपटपंची नाही ना रे?"

"ताई, तुला चांगलं काही बघवतच नाही का गं?" तो असा काही तडकला, की आत्या दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. काढायला हवा होता.

आठ महिन्यांनी बाई आल्या. हातात पांढरी काठी, खांद्याला जड पिशवी. त्या स्वतःच आंधळ्या होत्या. शिंप्यानं त्यांना खुर्ची दिली, टकळीला नवा फ्रॉक घातला होता तो पुन्हा एकदा नीट केला आणि तिन्ही पुस्तकं टेबलावर ठेवली, जाड पुठ्ठ्यात, जाड दोऱ्यानं शिवलेली.

"वाच बाळ," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला हात त्याच पानावर, टकळीच्या हाताच्या मागं ठेवला.

टकळी वाचू लागली. बाईंचा हात एका ओळीपर्यंत आला आणि थांबला. पुन्हा मागं गेला. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पूर्ण पान संपेपर्यंत ऐकून घेतलं. "छान म्हणतेस," त्या म्हणाल्या. वाचतेस म्हणाल्या नाहीत. मग पिशवीतून त्यांनी एक पातळसं पुस्तक काढलं. "आता हे. हे तू ऐकलेलं नाहीस."

टकळीनं बोट ठेवलं. पहिल्यांदाच त्या घरात टकळी गप्प झाली. शिंपी पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत गेला. परत येताना दारातच त्याचे पाय थांबले. टकळी बाईंच्या कानाला लागून बोलत होती, पण तिला हळू बोलणं कधी जमलंच नव्हतं.

"बाबाला सांगू नका ना. माझी बोटं ढ आहेत. तक्त्यावरचं येतं मला, पण पुस्तकातलं काहीच लागत नाही. एखादं अक्षर ओळखीचं लागतं, मग पुढं सगळं कसलंतरीच. मी खूप वेळा करून बघितलं. मी पाठ केलेलं म्हणते."

"आठ महिने?"

"हो."

बाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. मग त्यांनी मान दाराकडे वळवली. त्यांना तो तिथं उभा आहे हे कधीचं कळलं होतं. "इकडे या," त्या म्हणाल्या. "तुम्ही टोचताना अक्षर तक्त्यात दिसतं तसंच टोचता का? डावीकडून?"

"हो. अगदी डोळ्यांत तेल घालून. एकही ठिपका चुकलेला नाही."

"ठिपका नाही चुकला. पण टोचलेली बाजू खड्ड्यांची. वाचणारा पान उलटून, उंचवट्यांवरून वाचतो. म्हणून टोचताना उलटं टोचायचं, उजवीकडून. म्हणजे पान उलटलं की सुलट येतं."

तो खड्डे बघत होता, तिच्या बोटांना उंचवटे लागत होते, आरशातल्यासारखे उलटे. तीस वर्षं हा माणूस कापड उलट्या बाजूनं शिवून सुलटं करत आला होता. गिऱ्हाइकाचा कुठलाही कपडा हातात आला, की आधी तो उलटा करून आतली शिवण बघायचा. जगात हे कुणाला सांगावं लागायला नको होतं, तर ते त्याला. हातातलं पाणी सांडून फरशीवर पसरलं आणि आत्यानं फडकं आणलं.

बाई वाईट नव्हत्या. यंदा जागा देता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पोरीला बोटानं शोधायचं सोडून आठवून म्हणायची सवय लागलीय, ती मोडायला वेळ जाईल. पुढच्या वर्षी पुन्हा येईन म्हणाल्या. जागा असेल की नाही ते मात्र त्यांच्या हातात नव्हतं. ते पातळ पुस्तक त्या ठेवून गेल्या.

शिंपी टकळीसमोर बसला. त्यानं खरं तेच सांगितलं. "तुझी बोटं ढ नाहीत गं. ढ मी. सगळी पानं मी उलटी टोचली. तुला काही लागलं नाही ते बरोबरच होतं. त्यात काही लिहिलेलंच नव्हतं."

"काहीच नव्हतं?"

"वाचण्यासारखं काही नव्हतं."

"मग मला 'गळकं जहाज' पुन्हा नको," ती म्हणाली. "नीट टोचलंस तरी नको. आधी मला ते फार आवडायचं. आता तो स्वयंपाकी बुडला तरी चालेल."

शिंप्यानं तिन्ही पुस्तकं टेबलावरून उचलून कापडाच्या मागं सरकवली. ही पुस्तकं त्यानं निवडली होती ती तिला प्रिय म्हणून.

"तू मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू न्हाणीघरात नळ सोडून रडायचास. रोज. मला सगळं ऐकू यायचं. मग मी ती पहिली ओळ म्हटली तर तू हसलास." ती फ्रॉकचा काठ चुरगाळत होती. "त्याच्या आधी तू खूप दिवसांत हसला नव्हतास. मग मला थांबताच येईना."

आत्या तोंडाला पदर लावून आत गेली. शिंप्यानं पोरीला जवळ ओढलं, तिच्या केसांवर तोंड ठेवलं. नऊ वर्षांची पोर आठ महिने रोज त्याच्यासाठी वाचल्याचं सोंग करत होती, आणि तो मापं घेता घेता गावभर मिरवत होता. पण झालं ते झालं. आता पुढं तरी ही लपवाछपवी नको. त्यानं घसा साफ केला, आवाज अगदी ठाकठीक केला.

"यापुढं तुला काही आलं नाही, कळलं नाही, दुखलं, खुपलं, तर मला सांगायचं. लगेच. कबूल?"

"तू रडणार नसशील तर."

"नाही रडणार. बघ, रडतोय का मी? कसा बोलतोय बघ की."

आवाज खरंच चांगला लागला होता. टकळीनं हात वर केला. तो चाचपत त्याच्या हनुवटीपर्यंत आला, मग गालावर गेला आणि तिथं थांबला. बोटं ओली झाली. या खेपेला तिला काही आठवून म्हणावं लागलं नाही.

"मग नाही सांगणार," ती म्हणाली.